बाईंना मागता येत नव्हतं

आमच्या घरात आईला आई म्हणणारं कुणी नव्हतं. पहिली ते चौथी मी तिच्याच वर्गात होते आणि शाळेत आई म्हणून हाक मारली की ती ओळखच दाखवायची नाही. म्हणून मी बाई म्हणायला लागले. चौथी संपली, शाळा बदलली, जीभ काही बदलली नाही. गडबच्या नाक्यावरचे दुकानदार, एसटीचे कंडक्टर, शेजारपाजारचे, सगळे बाईच म्हणायचे. माझे वडील, म्हणजे भाऊ, तेसुद्धा दारात आलेल्याला "बाई घरात नाहीत, पेणला गेल्यात" असं सांगायचे, जसे काही आम्ही सगळे बाईंच्या घरी पाहुणे म्हणून राहत होतो. समोरासमोर मी "बाई, तू जेवलीस का" असं एकेरीच बोलायचे. आता लिहायला बसले तर हात आपोआप बहुवचनाकडे वळतो. त्याला मी अडवत नाही.

भाऊ धाटावला एका रासायनिक कंपनीत ऑपरेटर होते. कंपनीची बस नाक्यावर येऊन दोनदा भोंगा द्यायची आणि त्या भोंग्यावर आमच्या घरातलं सगळं चालायचं. स्वयंपाक भाऊ करायचे. बाईंना येत नव्हता असं नाही, पण त्यांनी केलेल्या भातात एक तर पाणी जास्त व्हायचं नाहीतर एखादं परिपत्रक वाचता वाचता तो लागायचा. भाऊंची पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी वालाचं बिरडं, दुसरी असली की सकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी, तिसरी असली की ते सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी यायचे, आधी चहा टाकायचे आणि मगच झोपायला जायचे. त्यांच्या शर्टाला कंपनीचा एक वास असायचा, कितीही धुतला तरी न जाणारा. त्या वासात फोडणीचा वास मिसळला की माझ्यासाठी ते घर. आजही रोह्याला कुणाकडे जाताना धाटावचा फाटा आला की मला भूक लागते. सोबतचे लोक नाकाला रुमाल लावतात, आणि मी मात्र बिरड्याच्या आठवणीत.

शिवणकामही भाऊंकडेच. शर्टाचं बटण तुटलं, परकराची शिवण उसवली, की भाऊ खिडकीत उजेडाला बसून सुईत दोरा ओवायचे. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे त्याला महत्त्व आलं.

बाईंचा खरा संसार पडवीत असायचा. त्या शिक्षक संघटनेच्या अध्यक्ष होत्या आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पेण, रोहा, सुधागड अशा सगळीकडून गुरुजी आणि बाया आमच्या पडवीत जमायच्या. दारात चपलांचा ढीग पडायचा. कुणाची बदली, कुणाची रखडलेली वेतनश्रेणी, कुणा गरोदर बाईला डोंगरावरची शाळा दिलेली. भाऊ आत कांदेपोहे परतत असायचे. पोहे पेणचेच, पातळ नव्हे, चांगले जाड, आणि त्यावर ओलं खोबरं. माझ्या समजुतीप्रमाणे त्या संघटनेत कधी फूट पडली नाही याचं निम्मं श्रेय त्या पोह्यांना होतं. बाई बोलायला लागल्या की हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे नाहीत. पेणला पंचायत समितीच्या कचेरीत त्या शिरल्या की शिपाई आधी खुर्च्या नीट लावायचे. एकदा तिथल्या साहेबांनी पोलादपूरला पाठवलेल्या एका गुरुजींची बदली रद्द करायला टाळाटाळ केली, तर बाई त्यांच्या टेबलासमोर बसल्या आणि शांतपणे हाताची घडी घालून म्हणाल्या, "मला घाई नाही, साहेब. तुम्हाला जेवायला जायचं असेल तर जा. मी इथंच आहे." बदली रद्द झाली. दरवर्षी अध्यक्षाची निवड व्हायची म्हणजे कुणीतरी बाईंचं नाव सुचवायचं, सगळे हात वर करायचे आणि भाऊ दुसरी फेरी पोह्यांची आणायचे. बाईंना स्वतःसाठी मत मागावं लागलं नव्हतं, एकदाही.

मी अठरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात बाई पंचायत समितीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. कारण होतं खारवाडीची शाळा. खारवाडी म्हणजे आमच्या गडबच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाला वसलेली मिठागरवाल्यांची वस्ती. एका खोलीची शाळा, पोरं थोडी, आणि बाईंनी नोकरीची सुरुवात तिथंच केलेली. मोठ्या गावच्या शाळेत जायचं तर पोरांना खाडीच्या बांधावरून चालत जावं लागायचं आणि उधाणाच्या दिवसांत त्या बांधावर पाणी चढायचं. मुलगे जातील, मुली घरी बसतील, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. पण पटसंख्या कमी म्हणून ती शाळा बंद करायचा ठराव पंचायत समितीत येणार होता. बाईंनी निवेदनं दिली, भेटी घेतल्या. शेवटी एक अधिकारी, तो माणूस वाईट नव्हता, म्हणाला, "बाई, शिक्षकांचं काही असेल तर बोला, मी ऐकतो. पण शाळा ठेवायची की नाही हे निवडून आलेले लोक ठरवणार. तिथं तुमचा काय अधिकार?" बाई घरी आल्या, हातपाय न धुता स्वयंपाकघरात बसल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "मी नोकरी सोडतेय." नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही. भाऊंनी भाताचं झाकण उघडून बघितलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "आधी जेवा. मग सोडा." आणि बाईंनी खरोखर स्वेच्छानिवृत्ती घेतली.

आता सगळ्यांना वाटलं की बाईंच्या मागे संघटना आहे, म्हणजे निवडणूक खिशात. बाईंनाही तसंच वाटत होतं. पहिल्या रविवारी पडवीत दोन-तीनच म्हातारे निवृत्त गुरुजी आले. बाकीच्यांना येता येत नव्हतं. सरकारी नोकराला प्रचार करता येत नाही, आणि हा नियम काटेकोर पाळा, नाहीतर साहेब लोक आपल्यावर डूख धरतील, असं वर्षानुवर्षं सगळ्यांना बजावणाऱ्या बाईच होत्या. त्यात मतदानाच्या दिवशी तर सगळी फौज मतपेट्या घेऊन लांब लांब तालुक्यांत केंद्राध्यक्ष म्हणून जाणार. भाऊ हसून हसून बेजार झाले. "तुमचं सैन्य सगळं निवडणुकीत आहे," ते म्हणाले, "फक्त तुमच्या निवडणुकीत नाय."

चिन्हाचीही तीच गत. बाईंनी पाटी मागितली होती. ती कुणा दुसऱ्याला गेली आणि बाईंना शिवणयंत्र मिळालं. नाक्यावर बातमी पोचायच्या आधी तिथं विनोद पोचला होता: चिन्ह बाईंचं, टाके भाऊंचे. भाऊंच्या शिफ्टमधल्या लोकांनी बसमध्ये त्यांना "मशीनवाले" म्हणायला सुरुवात केली आणि भाऊंनी ते मनावर न घेता सगळ्यांकडून पत्रकं वाटून घेतली. मामा अष्टमीहून आपली रिक्षा घेऊन आला आणि तिच्यावर कर्णा बांधला. अष्टमी म्हणजे बाईंचं माहेर, कुंडलिका नदीच्या पलीकडचं, रोह्याहून पूल ओलांडला की लागणारं. मामाची रिक्षा गावात शिरली की आधी कुत्री धावायची, मग पोरं आणि मग मागून चालत बाई आणि मी. माझ्या खांद्याला पत्रकांची पिशवी.

बाईंचा प्रचार मी पुरा डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सांगते. त्या घरात शिरायच्या. निम्मी घरं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची. चाळिशीचा बाप्या असला तरी बाई दिसल्या की ताडकन उभा राहायचा आणि हातातली बिडी पाठीमागे लपवायचा. बाई बसायच्या, पोरांना जवळ बोलवायच्या, सातचा पाढा विचारायच्या. पोरगं अडखळलं की आईला म्हणायच्या, "भात घालताना रोज म्हणून घेत जा." सासूच्या गुडघ्याची चौकशी, विहिरीच्या पाण्याची चौकशी, रेशन वेळेवर मिळतं का. चहा घ्यायच्या. मग उठायच्या, "येते" म्हणायच्या आणि निघायच्या. पत्रक मी दारात ठेवायचे. पहिल्या दिवशी मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी एका घरातून निघताना मागून त्या घरची बाई जावेला म्हणाली, "बाई कशाला आल्यावत्या गो बया?" आणि मला तेव्हा कळलं की बाईंनी सबंध गावात कुणाकडेही मत मागितलेलं नाही.

मी घरी येऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "लोकांना कळत नाही का? रिक्षा ओरडतेय ना." मी म्हटलं, "रिक्षा मामाची आहे. तू मागायला नको?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना बाजारात नाचायला सांगितलं होतं. "मी सगळ्यांसाठी भांडले," त्या म्हणाल्या, "आता घरोघर हात पसरू?" आणि त्यावर बोलणं संपलं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे समोरचा उमेदवार आला. दिनेश वीटभट्टीवाला. तोही बाईंचाच विद्यार्थी, गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा. आला तो थेट पडवीत, चपला बाहेर काढल्या, बाईंच्या पाया पडला. भाऊंनी त्याला पोहे दिले. दारात आलेल्याला पोहे न देणं भाऊंना जमायचं नाही. दिनेशने बशी चाटूनपुसून संपवली, हात धुतले, परत येऊन बाईंसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, यंदा तुमचं मत मना द्या."

बाईंना हसावं की रागवावं कळेना. "अरे, मीच उभी आहे."

"ते मना ठाव हाय. पर मी दारात आलो आन न मागता गेलो तर बरा दिसल का? तुमीच शिकवलाव, काय पायजे तर उभा राव्हून मागायचा."

"खारवाडीच्या शाळेचं काय करणार तू?"

"चार पोरांसाठी शाळा कशाला, बाई? माजी गाडी हाय, मी सोडीन पोरांना."

"बांधावरून गाडी नेणार? उधाणात?"

तो डोकं खाजवत हसला आणि पुन्हा पाया पडून निघून गेला. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्याची गाडी भट्टीच्या विटा सोडून काही वाहील यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्या रात्री बाई लवकर जेवून उठल्या. भाऊ मला ताटं धुताना हळूच म्हणाले, "पोरगा हुशार हाय. बाईंचंच घेऊन त्यांना परत देऊन गेला."

मग भाऊंनीच मला ती गोष्ट सांगितली, जी बाईंनी मला कधी सांगितली नव्हती. बाईंचे वडील लवकर गेले. अष्टमीत आई लोकांची भांडी घासायची. बाई तेव्हा पाचवीत असतील. आईने त्यांना रोह्यात एका मोठ्या घरी जुनी पुस्तकं मागायला पाठवलं, त्या घरचा मुलगा वरच्या वर्गात गेला होता. बाई पूल ओलांडून गेल्या, दारात उभ्या राहिल्या. घरातली माणसं आतबाहेर करत होती, दिवाणखान्यात चहा चालला होता. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही. पुष्कळ वेळाने कुणीतरी म्हणालं, उद्या ये. बाई उद्या गेल्या नाहीत. मैत्रिणीच्या पुस्तकावरून रोज थोडं थोडं लिहून त्यांनी वर्ष काढलं आणि पहिल्या आल्या. "तवापासून त्यांनी स्वतःसाठी कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नाय," भाऊ म्हणाले. "माज्याकडेसुद्धा. आमचं लगीनसुद्धा मीच मागितलं." मला त्या मुलीचा फार राग आला, म्हणजे तिच्यासाठी राग आला, आणि आपण तिची मुलगी आहोत याचा अभिमानही वाटला, पण निवडणूक जवळ येत होती आणि अभिमानाला मतदान करता येत नाही.

खारवाडीचा दिवस बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ते आपलंच गाव, तिथं काय प्रचार करायचा, असा त्यांचा हिशोब. खारवाडीच्या बायकांनी निरोप पाठवला की संध्याकाळी पोपटी लावतोय, बाईंनी यायचं. बाहेरच्यांना पोपटी सांगावी लागते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा असं थरावर थर भरतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडकं मोकळ्या जागेत पालथं घालतात आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवतात. पोपटीला यजमान कुणी नसतो. जो येतो तो काहीतरी घेऊन येतो: कुणी शेंगा, कुणी अंडी, कुणी नुसती काटक्यांची मोळी. भाऊंनी शेतातल्या शेंगांची पिशवी तयार करून ठेवली होती. बाईंनी ती परत ठेवायला लावली. "मतदारांना खाऊ घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे." भाऊ म्हणाले, "घालायला बंदी हाय. पोपटीत टाकायला कुठाय?" पण बाई ऐकेनात. अशा रीतीने आम्ही तिघं पोपटीला रिकाम्या हाताने गेलो, जे गडबच्या कुठल्याही शहाण्या माणसाने आजवर केलं नसेल.

सूर्य खाडीवर उतरला होता. मिठागरांतली मिठाचे ढीग पांढरे आणि त्यांच्या कडा लालसर. शाळेसमोरच्या पटांगणात मडकं पालथं होतं आणि बायका, पोरं, म्हातारे त्याभोवती कोंडाळं करून बसले होते. जाळ खाली बसला तेव्हा हिराय पुढे झाली. हिराय म्हणजे खारवाडीची सगळ्यात वयस्क बाई, मिठागरात जन्म गेलेली, हाताची कातडी चामड्यासारखी. बाई नवीन नोकरीला लागल्या तेव्हा हिरायनेच त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. तिने ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. "झाली," ती म्हणाली. कुणीतरी मडकं उचलून कापडावर ओतलं आणि वाफ उठली. तो वास मी कितीही लिहिलं तरी पोचणार नाही. हिरवट, खमंग, थोडा धुराचा. सगळ्यांनी हात घातले. बाईंपुढे हिरायने पत्रावळीवर शेंगा ठेवल्या, पण ती स्वतः खाईना.

"खा," बाई म्हणाल्या.

"खाईन. आधी मना सांगा, तुमी उभ्या हाव ना?"

"हो, हिराय. तुला माहीतच आहे."

"मना पोराकडना कलला. वीटभट्टीवाला दिनेश आलावता. पाया पडला, मत मागलान. तुमी काय आलाव नाय, काय मागलाव नाय. आन आज आलाव तर हात हालवत."

बाई म्हणाल्या, "ही शाळा वाचवायला मी उभी राहिले. तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे?"

"पायजे," हिराय म्हणाली. "माज्या सख्ख्या भावाच्या पोराचा लगीन असला ना, तरी घरचा माणूस अक्षत घेऊन आल्याशिवाय मी मांडवात पाय ठेवीत नाय. आमाला कोन मागत नाय बाई, सगले नुसते देयाला येतात. साडी देतात, गाडी देतात. तुमी पन देयालाच आलाव. शाला देताव म्हनता. आमच्याकडना काय घेनार नाय म्हंजे आमच्याकडे देयासारखा काय नाय व्हय?"

मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की मागणारा खाली असतो आणि देणारा वर. आणि इथे एक म्हातारी बाई सांगत होती की आम्हाला वर बसवायला तुम्ही तयारच नाही.

"उठा," हिराय म्हणाली. "उभ्या राव्हा. मागा."

बाई उठल्या. याच पटांगणात त्यांनी खारवाडीच्या कितीतरी पोरांना उत्तर द्यायला उभं केलं होतं. आता पोरं खिदळायला लागली. बाईंनी पदर नीट केला, घसा साफ केला आणि सुरू केलं, "खारवाडीतील माझ्या बंधू आणि भगिनींनो, आपल्या न्याय्य प्रश्नांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा या दृष्टीने..."

"ता नको," हिराय म्हणाली. "साधा बोला."

बाई थांबल्या. जाळातली एखादी काटकी तडतडत होती. भाऊंनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. बाईंनी हात जोडले. मग ज्यांनी मला घरात कधी एक शब्द गावठी बोलू दिला नाही त्या बाई म्हणाल्या, "मना मत द्या."

आवाज थरथरला. मी पहिल्यांदा ऐकला तो आवाज, शाळकरी मुलीचा, पुलावरून पुस्तकांशिवाय परत आलेल्या मुलीचा. मला वाटलं आता कुणीतरी म्हणणार, उद्या या. हिरायने हात पुढे करून बाईंच्या तळहातावर गरम शेंगा ठेवल्या. "दिला," ती म्हणाली. आणि मागून एकेक आवाज यायला लागला, दिला, दिला, पोरांनीही ओरडून घेतलं. बाई उभ्याउभ्याच शेंगा सोलून खाऊ लागल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण धूरही होता, त्यामुळे त्यांनी ते धुरावर ढकललं. येताना भाऊ म्हणाले, "उद्या शेंगांची पिशवी पोचवतो. काय म्हणतो तुमचा नियम?" बाई म्हणाल्या, "मतदान झाल्यावर पोचवा."

त्यानंतरचे दिवस म्हणजे गंमत होती. एकदा मागता यायला लागल्यावर बाईंना धरवेना. एसटीच्या कंडक्टरकडे मागितलं, तो म्हणाला, बाई, माझं मत माणगावला आहे. दिनेशच्या भट्टीवरच्या कामगारांकडे, दिनेश समोर उभा असताना, मागितलं. दिनेशने त्यांना चहा पाजला. ज्या घरांत आधी जाऊन आल्या होत्या त्या सगळ्या घरांत परत गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मागच्या वेळी विसरले होते." आता मी पेणला राहते. निवडणूक आली की उमेदवारांचे हात जोडलेले फोटो माझ्या मोबाइलवर येऊन पडतात, सणाच्या शुभेच्छांसारखे. मी त्यांच्यातल्या कुणाला मत देत नाही. जिना चढून दारात येऊन जो मागतो त्याला मी आधी पोहे देते आणि मग विचार करते. माझ्या गल्लीत याबद्दल मी खवट म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते मला आवडतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी भाऊ तिसरी शिफ्ट करून आले, चहा टाकला. बाई इस्त्रीची साडी नेसून निघायच्या बेतात होत्या. भाऊ गाळण्यातून चहा ओतत, वर न बघता म्हणाले, "नंदा, तू मत कुणाला देणार?"

मला त्यांचा सूर कळला. मी म्हटलं, "माहीत नाही, भाऊ. मला कुणी मागितलेलं नाही."

"मलाबी नाय. दिनेश तेवढा येऊन गेला."

बाई उंबऱ्यावर थांबल्या. मला वाटलं रागावतील. त्या मागे वळल्या, चप्पल काढली, स्वयंपाकघरात आल्या आणि भाऊंसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मला मत द्या." भाऊंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्याकडे बाईंनी पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तिसरी शिफ्ट करून आलेला तो माणूस विनोद करायला गेला होता. त्यांनी नुसती मान हलवली आणि चहाचा कप बाईंच्या हातात दिला. मग बाई माझ्याकडे वळल्या. "नंदा, तुझं पहिलं मत आहे. मला द्यावंस असं मला वाटतं. नाही दिलंस तरी रागावणार नाही." मी हसत होते आणि नाक पुसत होते. ते मत मी दिलं त्याचा शिक्का शिवणयंत्राच्या बरोबर मधोमध पडला होता, एवढं मी त्या दिवशी बघून घेतलं.

बाई निवडून आल्या. फार मोठ्या फरकाने नाही, पण आल्या. दिनेशने हरल्यावर पाया पडून पेढे मागितले आणि भाऊंनी दिले. आमच्या पडवीत आता नियमाची आडकाठी नसल्याने सगळी संघटना लोटली, चपलांचा ढीग अंगणात गेला, मामाने विनाकारण रिक्षाचा कर्णा चालू केला. त्या गर्दीत पाठीमागून वाट काढत हिराय आली. बांधावरून चालत आली होती, पाय चिखलाने भरलेले. लोकांनी तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. ओट्याखाली उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिने बाईंना हात जोडले.

"तुमी मागलाव, आमी दिला," ती म्हणाली. "आता मी मागते. मना शाला द्या."

बाई खुर्चीवरून उठल्या. मोठं माणूस दारात आल्यावर उठतात तशा उठल्या, ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली अंगणात आल्या आणि हिरायच्या समोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं बाईंनी कुणी न मागता, दुसऱ्यांसाठी, हक्क म्हणून, कितीतरी गोष्टी ओढून आणल्या होत्या. त्यांच्याकडे समोर उभं राहून, बरोबरीने, असं कुणी मागितलं नव्हतं.

"देते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज या वेळी जरासुद्धा थरथरला नाही.

शाळा बंद करायचा ठराव पंचायत समितीत नामंजूर झाला, आणि जूनमध्ये खारवाडीची शाळा उघडली तेव्हा मी बाईंबरोबर बांधावरून गेले होते. हिराय पटांगणात आपल्या नातीचा हात धरून उभी होती आणि नातीच्या हातात पाटी होती.